सालाबादप्रमाणे : एका तहाच्या वाचनाचा इतिहास

जमिनीच्या आणि पाण्याच्या आपल्याकडील जुन्या कागदपत्रांत दोन शब्द हटकून भेटतात : ‘वहिवाट’ आणि ‘सामाईक’. वहिवाट म्हणजे वर्षानुवर्षांच्या वापरामुळे एखाद्या जागेवर रुजलेला हक्क. त्याला मालकीच्या कागदाची गरज लागतेच असे नाही. ‘सामाईक’ हा शब्द दिसायला त्याहून सोपा आणि वागवायला त्याहून कठीण. विहीर सामाईक आहे, म्हणजे नेमके काय? ज्याला हवे त्याने, हवे तेव्हा, हवे तेवढे पाणी उपसावे; की प्रत्येकाचा हिस्सा आणि प्रत्येकाची पाळी ठरलेली आहे? या एका प्रश्नावर आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या दावे चालत आले आहेत.

या दोन शब्दांचे इंग्रजी भाऊबंद अमेरिकेच्या वायव्य टोकाला, आजच्या वॉशिंग्टन राज्यात, एका तहाच्या एकाच वाक्यात शेजारी येऊन बसले. ते वाक्य १८५४ सालचे. त्याचा अर्थ देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने निश्चित केला तो १९७९ साली. मधली सव्वाशे वर्षे त्या वाक्याचे वाचन चालू होते. आणि त्या वाचनावर नदीतले मासे, नदीकाठची माणसे आणि त्यांचा हंगाम अवलंबून होता. कायदा हा आमचा विषय नव्हे. परंतु संहिता, तिचा अर्थ आणि तो ठरवण्याचा अधिकार यांविषयी आपण साहित्याच्या वर्गात जे बोलतो, त्याची इतकी प्रखर कसोटी क्वचितच कुठे लागली असेल. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम माशाविषयी. मुंबईच्या उपाहारगृहांत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणण्याची पद्धत आहे. पण रावसाचे कूळ वेगळे. प्रशांत महासागरातला सॅमन जन्मतो नदीत, गोड्या थंड पाण्यात, तळच्या गोट्यांच्या आडोशाला. पुढे तो समुद्रात जातो, तिथे वाढतो, आणि काही वर्षांनी गंधाच्या आठवणीने आपल्याच जन्मनदीत परत येतो. गोड्या पाण्यात शिरल्यावर तो अन्न सोडतो, प्रवाहाविरुद्ध चढतो, अंडी घालतो आणि मरतो. अमेरिकेच्या या किनाऱ्यावर त्याच्या पाच जाती आहेत, आणि प्रत्येकीचे नदीत शिरण्याचे दिवस वेगळे. ट्राउट हा त्याचाच आप्त. इंद्रधनुषी ट्राउटपैकी काही मासे जन्मभर नदीतच राहतात. काही सॅमनसारखे समुद्रात जाऊन परततात, त्यांना स्टीलहेड म्हणतात. म्हणजे नावे दोन, पण जात एकच. हा स्टीलहेड अंडी घालून मरतोच असे नाही. काही मासे पुन्हा समुद्राची वाट धरतात.

माउंट रेनियरच्या हिमनदीतून निघून प्युजेट साउंड या समुद्राच्या लांबलचक फाट्याला मिळणारी निस्क्वाली ही नदी घेतली, तर तिचे वर्ष माशांवरून मोजता येते. उन्हाळा सरता सरता चिनूक, शरदात कोहो, थंडी पडू लागली की चम, आणि हिवाळ्यापासून वसंतापर्यंत स्टीलहेड. पिंक हा सॅमन तर मुख्यतः एक वर्षाआड, विषम सालांत येतो. येथील निस्क्वाली, प्युयालप आदी जमातींचे सारे जगणे या वेळापत्रकावर बेतलेले होते. कुठल्या वळणावर, कुठल्या महिन्यात, कुठल्या घराण्याने जाळे लावायचे हे ठरलेले असे. हंगामाचा पहिला सॅमन मिळाला, की त्याचे स्वागत होई, तो सर्वांत वाटून खाल्ला जाई आणि त्याचे काटे पुन्हा नदीत सोडले जात. मासा हा पाहुणा आहे, त्याचा मान राखला तर तो सालाबादप्रमाणे पुन्हा येईल, ही त्यामागची श्रद्धा. हंगाम माणसाने ठरवायचा नसतो, तो ओळखायचा असतो, असाही तिचा अर्थ आम्ही लावतो.

२६ डिसेंबर १८५४ रोजी निस्क्वालीच्या मुखाजवळ मेडिसिन क्रीक या ओढ्याकाठी वॉशिंग्टन प्रदेशाचे गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांनी या जमातींशी तह केला. स्टीव्हन्स तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. जमातींनी सुमारे २२ लाख एकर जमीन सोडली. मोबदला ३२,५०० डॉलर, तोही वीस वर्षांत विभागून. राहण्यासाठी प्रत्येकी १,२८० एकरांच्या तीन राखीव वसाहती नेमून दिल्या. एवढी जमीन सोडून देणाऱ्या माणसांनी तहात एक गोष्ट मात्र सोडली नाही. तिसऱ्या कलमात नोंदले गेले, की मासे धरण्याचा हक्क, नेहमीच्या आणि वहिवाटीच्या सर्व जागी, प्रदेशातील सर्व नागरिकांशी सामाईकपणे, या जमातींना राखून दिला आहे. पुढच्या काही महिन्यांत स्टीव्हन्स यांनी आजूबाजूच्या इतर जमातींशी केलेल्या तहांतही हे कलम जवळजवळ जसेच्या तसे आले. त्यांपैकी एका सभेत, हा कागद तुमचे मासे सुरक्षित ठेवतो, अशा अर्थाचे आश्वासन त्यांनी तोंडी दिल्याचे वृत्तांतात नमूद आहे.

आता भाषेचा मुद्दा. तह लिहिला गेला इंग्रजीत, जी समोरच्या बहुतेक पुढाऱ्यांना येत नव्हती. तो समजावून सांगितला गेला चिनूक जार्गनमध्ये. ही किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांची कामचलाऊ मिश्र बोली; तिची शब्दसंपदा काही शेकड्यांची. कातडी, मासे, घोंगड्या, भाव यांचे बोलणे करायला ती पुरेशी होती. पण ‘नागरिकांशी सामाईकपणे’ या शब्दांचा कायदेशीर पीळ तिच्यात कसा उतरणार? शिवाय काही पुढाऱ्यांना तीही येत नव्हती. दुभाषा होता तो सरकारच्याच नोकरीतला. तात्पर्य, ज्या वाक्यावर पुढे शतकभर कीस पाडला गेला, ते वाक्य त्या सभेत एका पक्षाने वाचले आणि दुसऱ्याने फक्त ऐकले. वाचलेले आणि ऐकलेले एकच होते असे मानायला काही आधार नाही.

तहानंतर वर्षभरातच या भागात युद्ध पेटले. निस्क्वालींना मिळालेली वसाहत नदीपासून दूर, खडकाळ माळावर होती, हे त्याचे एक मोठे कारण. युद्धानंतर वसाहत बदलून नदीकाठी आणली गेली. पण त्यांचा पुढारी लेस्काय याला १८५८ साली फाशी झाली. (२००४ साली वॉशिंग्टनमधील एका ऐतिहासिक न्यायसभेने त्याला निर्दोष ठरवले.) तोवर मासेमारीच्या कलमाला कोणी हात लावला नव्हता, कारण मासे सर्वांना पुरून उरत होते. चित्र पालटले ते डबाबंद माशांच्या कारखान्यांनी. कोलंबिया नदीवर पहिला कारखाना १८६६ साली निघाला, पुढच्या दशकात ते प्युजेट साउंडवरही आले. जो मासा तोवर वाळवून, धुरवून हिवाळ्याची बेगमी होत होता, तो आता डब्यात भरून जगभर जाऊ लागला. मासा आता माल झाला होता, आणि मालाला मालक लागतो.

पहिला मोठा दावा कोलंबिया नदीवरचा. विनान्स बंधूंनी नदीकाठची जमीन विकत घेतली, प्रवाहाच्या जोराने फिरणारी आणि मासे उपसणारी चक्रे बसवली, आणि याकामा जमातीच्या लोकांना तिथे पाय ठेवायला मनाई केली. १९०५ साली सर्वोच्च न्यायालयाने या मनाईविरुद्ध निकाल दिला. त्या निकालातले एक सूत्र आम्हांला विलक्षण वाटते. तहाने आदिवासींना काही दिले असे समजू नका, असे न्यायालयाने बजावले. त्यांनीच सरकारला दिले, आणि जे दिले नाही ते त्यांचेच राहिले. वाक्याचा कर्ता कोण, हे व्याकरण येथे उलटे झाले. तोवर सारे जण ‘सरकारने हक्क दिला’ असे वाचत होते; न्यायालयाने वाचले, ‘त्यांनी हक्क राखला’.

त्यामुळे जागा सुटली. कोणाच्याही खाजगी जमिनीतून वहिवाटीच्या ठिकाणी जाण्याची वाट मोकळी झाली. मग राज्याने दुसरा मार्ग शोधला, आणि या साऱ्या इतिहासाचे मर्म आमच्या मते तिथेच आहे. तहात जागेचा उल्लेख होता, काळाचा नव्हता. राज्याने जागेला हात लावला नाही. काळ ताब्यात घेतला. मासेमारीचा ‘हंगाम’ आता सरकारी कचेरीतून निघणाऱ्या नियमांनी उघडू आणि मिटू लागला. परवाना हवा, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक जातीचा मासा, अमुक साधनाने. परवान्याच्या शुल्काचा प्रश्न १९४२ साली सर्वोच्च न्यायालयाने आदिवासींच्या बाजूने सोडवला. पण त्याच निकालाने संवर्धनासाठी वेळ आणि पद्धत यांवर नियम घालण्याची राज्याला मुभाही दिली. वहिवाटीची जागा शाबूत, आणि तिथे मासा येण्याच्या दिवसांत जाळे टाकायला बंदी! सॅमनच्या बाबतीत जागा आणि काळ वेगळे काढता येत नाहीत. मासा नसताना ती वहिवाटीची जागा म्हणजे निव्वळ नदीचा काठ.

‘संवर्धन’ हा शब्द बिनतोड होता, आणि मासे खरोखरच घटत होते. पण त्या घटीचा भार कोणावर टाकायचा? परतीचा मासा आधी खुल्या समुद्रात भेटतो, तिथे यांत्रिक बोटी. मग साउंडमध्ये, तिथे मोठी जाळी. मग नदीच्या मुखाशी. आणि सर्वांत शेवटी नदीत वर, जिथे आदिवासींचे वहिवाटीचे ठिकाण. पुढच्यांनी आपापला वाटा काढून घेतल्यावर जे उरे ते अंडी घालण्यासाठी सोडणे भागच असे. म्हणून बंदी यायची ती नदीवर. पंगतीत शेवटी बसलेल्याला अन्न वाया घालवू नये असा उपदेश करावा, त्यातला हा प्रकार.

स्टीलहेडच्या बाबतीत तर नावानेच काम केले. चिवट झुंज देणारा हा मासा हौशी गळकऱ्यांचा फार लाडका. राज्याने त्याला ‘खेळाचा मासा’ या वर्गात घातले. तो गळानेच धरायचा, जाळ्याने नाही. सकृद्दर्शनी नियम सर्वांना सारखा. पण नदीवर जाळे लावत होते ते आदिवासी, आणि गळ टाकत होते ते शहरातून सुट्टीला आलेले नागरिक. प्युयालप नदीवरच्या या बंदीचा वाद सर्वोच्च न्यायालयात वारंवार गेला. १९७३ साली न्यायमूर्ती डग्लस यांनी ही बंदी भेदभावाची ठरवली. मात्र त्याच निकालात, नदीतला शेवटचा जिवंत स्टीलहेड जाळ्यात येईपर्यंत त्याचा पाठलाग करण्याचा हक्क तह कोणाला देत नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले. दोन्ही वाक्ये एकत्र वाचली पाहिजेत. हक्क खरा आहे, आणि मासा संपला तर तो हक्क पोकळ आहे.

नदीवर मात्र हा वाद कायद्याच्या भाषेत चालत नव्हता. निस्क्वालींच्या वसाहतीची सुमारे दोन तृतीयांश जमीन पहिल्या महायुद्धात लष्करी छावणीसाठी काढून घेतली गेली होती. त्यात विस्थापित झालेल्या एका कुटुंबाने नदीच्या खालच्या अंगाला थोडी जागा घेतली. ती पुढे ‘फ्रँक्स लँडिंग’ म्हणून गाजली. त्या घरातला बिली फ्रँक (१९३१–२०१४) हा मुलगा १९४५ साली, चौदाव्या वर्षी, स्वतःच्या नदीत मासे धरल्याबद्दल प्रथम पकडला गेला. पुढे त्याला पन्नासहून अधिक वेळा अटक झाली. १९६४ पासून या मासेमारांनी बंदी असलेल्या दिवसांत, उघडपणे, पोलिसांच्या आणि छायाचित्रकारांच्या साक्षीने जाळी टाकायला सुरुवात केली. निग्रो विद्यार्थ्यांच्या ‘सिट-इन’ चळवळीवरून या आंदोलनाला ‘फिश-इन’ हे नाव पडले. आपल्याला येथे मिठाचा सत्याग्रह आठवावा : रोजच्या जगण्यातली एक साधी कृती करणे हाच कायदेभंग. अभिनेते मार्लन ब्रँडो यांनाही प्युयालप नदीवर त्याच वर्षी अटक झाली. सप्टेंबर १९७० मध्ये प्युयालपच्या काठी मासेमारांच्या छावणीवर पोलिसांनी अश्रुधूर सोडून धाड घातली, आणि त्याच महिन्यात संघराज्य सरकारने, तहातील पक्ष या नात्याने, वॉशिंग्टन राज्यावर दावा लावला.

दावा आला न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांच्यासमोर. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नेमलेला, पुराणमतवादी म्हणून ओळखला जाणारा हा गृहस्थ. त्यांच्यापुढे प्रश्न एकच : ‘सामाईकपणे’ म्हणजे काय? राज्य म्हणत होते, आदिवासींना इतर कोणाही नागरिकाएवढाच हक्क, त्याच हंगामात, त्याच नियमांनी. पण मग तहात हे कलम घालण्याचे प्रयोजनच उरत नव्हते. लक्षावधी एकर जमीन देऊन या लोकांनी, इतरांसारखा परवाना काढण्याची सवलत मिळवली होती काय? अमेरिकेच्या न्यायपरंपरेत एक जुना दंडक आहे : आदिवासींशी केलेल्या तहातील शब्द, त्या आदिवासींना ते जसे समजले असतील तसे वाचावेत. बोल्ट यांनी तो गंभीरपणे घेतला. मानववंशशास्त्रज्ञ बार्बरा लेन यांची साक्ष झाली; तहाच्या सभा, चिनूक जार्गनच्या मर्यादा, तत्कालीन मासेमारीच्या पद्धती यांचा पट न्यायालयापुढे मांडला गेला. जमातींच्या वृद्धांनी ऐकीव परंपरा सांगितली. आणि १२ फेब्रुवारी १९७४ रोजी निकाल आला. शब्दकोशातील अर्थाचाही आधार घेत बोल्ट यांनी म्हटले, की सामाईक म्हणजे समान वाटणी. वहिवाटीच्या ठिकाणी पोचू शकणाऱ्या आणि संवर्धनाला धक्का न लावता धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्म्या माशांवर तहकर्त्या जमातींचा हक्क आहे; आणि खऱ्याखुऱ्या संवर्धनापलीकडे राज्याने त्यांच्या हंगामात ढवळाढवळ करू नये.

या निकालाने किनारा पेटला. बोल्ट यांच्या प्रतिमेला फाशी दिली गेली. राज्याने आदेश पाळायचे टाळले, मासेमारांनी उघड मोडले, आणि अखेर मासेमारीचे व्यवस्थापन काही काळ न्यायालयालाच हाती घ्यावे लागले. हा रोष केवळ वंशद्वेषाचा होता असे म्हणणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. गिग हार्बरसारख्या बंदरांत क्रोएशियातून आलेल्या कुटुंबांनी पिढ्यान्पिढ्या बोटी चालवल्या होत्या. त्यांनी कर्ज काढून जाळी घेतली होती, रीतसर परवाने घेतले होते. ते परवाने वाटताना राज्याने एका जुन्या वाक्याकडे डोळेझाक केली होती, याची शिक्षा त्यांना भोगावी लागली. चुकीच्या वाचनाची किंमत वाचणाऱ्यालाच मोजावी लागते असे नाही.

२ जुलै १९७९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी बोल्ट यांचे वाचन, थोड्या फेरफारांसह, मान्य केले. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्तींचे आडनावही स्टीव्हन्स होते, हा निव्वळ योगायोग. त्यांनी एक मर्यादाही घातली : निम्मा हा जास्तीत जास्त वाटा, माफक, सुखवस्तू जगण्याला जेवढे लागेल त्याहून अधिक मिळवण्याचे ते साधन नव्हे.

समीक्षेत वाचकाला केंद्रस्थानी आणण्याची चर्चा जोरात सुरू झाली तीही याच काळात. पण बोल्ट यांनी ज्याला केंद्रस्थानी आणले तो वाचक नव्हता. तो श्रोता होता. एका परक्या बोलीतून, भर हिवाळ्यात, ओढ्याकाठी बसून आपल्या भविष्याचे वाक्य ऐकणारा. संहिता ज्याने लिहिली त्याच्या हेतूपेक्षा, ती ज्याला ऐकवली त्याच्या समजुतीला वजन मिळाले. याला कोणी निव्वळ उदारपणा म्हणेल. आम्हांला ते तसे वाटत नाही. दोघांपैकी एकालाच लिहिता येत असेल, तर लिहिलेल्या शब्दाची जबाबदारी त्या एकावर अधिक पडते, एवढाच तो न्याय आहे. वंचितांच्या मौखिक परंपरेला लिखित पुराव्याच्या बरोबरीने बसवायचे की नाही, हा आपल्याकडच्या संशोधनातलाही जुना वाद आहे; त्यात या खटल्याचा दाखला उपयोगी पडावा.

या वाचनाचा परिणाम केवळ आकड्यात, म्हणजे निम्म्या वाट्यात, मोजू नये. जमाती आता राज्याच्या बरोबरीने मासेमारीचे व्यवस्थापन करतात. १९८० च्या दशकापासून दर वर्षी हंगामापूर्वी राज्याचे आणि जमातींचे प्रतिनिधी एकत्र बसतात. कुठल्या नदीत किती मासे परततील याचे अंदाज मांडतात, आणि कोणी, कधी, कुठे, किती धरायचे हे ठरवतात. जो काळ राज्याने एकट्याने ताब्यात घेतला होता, तो असा सामाईक झाला. बिली फ्रँक हे पुढे या जमातींच्या मत्स्यव्यवस्थापन आयोगाचे अनेक वर्षे अध्यक्ष होते. २०१५ साली त्यांना मरणोत्तर राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले.

तरीही वाक्य संपलेले नाही. प्युजेट साउंडमधील चिनूक १९९९ साली आणि स्टीलहेड २००७ साली ‘धोक्यातील’ म्हणून घोषित झाले. जंगलतोड, धरणे, शहरे, तापणारे पाणी यांपुढे निम्मा वाटा कशाचा, हा प्रश्न उभा राहिला. जमातींनी मग रस्त्यांखालच्या मोऱ्यांकडे बोट दाखवले. राज्याने बांधलेल्या शेकडो मोऱ्या इतक्या अरुंद किंवा उंचावर होत्या, की मासा पलीकडे जाऊच शकत नव्हता. मासे धरण्याचा हक्क राखून द्यायचा आणि मासा येण्याची वाट बुजवायची, हे त्याच कलमात बसते काय? खालच्या न्यायालयांनी मोऱ्या सुधारण्याचा आदेश दिला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात एक न्यायमूर्ती अलिप्त राहिल्याने मते चार विरुद्ध चार अशी विभागली, आणि आदेश कायम झाला. समसमान मतांच्या निकालाला कारणमीमांसा नसते. म्हणजे या वेळी निकाल मिळाला, पण वाचायला निकालपत्र मिळाले नाही.

राज्याचे रस्तेखाते आता एकेक मोरी फोडून रुंद करीत आहे. मेडिसिन क्रीकच्या काठी ऐकलेल्या वाक्याचा सध्याचा अर्थ असा नदीनाल्यांवर, सिमेंटमध्ये लिहिला जात आहे. तो बरोबर उतरला की नाही, हे सालाबादप्रमाणे परतणारा मासाच सांगू शकेल.